पुलाच्या बुरुजाबाबत

लिही, मिरो. शाई गोठली असेल
तर दौत थोडा वेळ काखेत धर.

"मी ब्रुनिसेंदा, व्हालफेराच्या काउंटची विधवा,
अज्ञान आर्नाउची आई,
माझे दीर गौसफ्रेद यांना..."
'यांना'च्या आधी 'प्रिय' घाल.
घाल रे. शाईच जातेय,
बुरूज तर आधीच गेलाय.

"तुम्ही धाडलेलं शिंगरू पोचलं.
मुलगा आनंदात आहे."
आनंदात म्हणजे, तबेल्यातच जेवतो. हे नको लिहूस.
तिसऱ्या वर्षी लाकडी तलवार आली होती,
पाचव्या वर्षी ससाणा.
तलवारीनं त्याला जिन्याखाली नेलं,
ससाण्यानं तटापर्यंत.
शिंगरू वेस ओलांडणार,
आणि वेशीपासून पूल
एका दौडीवर आहे.
लिही, "आभार."

"संत मार्तीच्या सणाआधी, डुकरं कापायच्या आत,
बुरुजाच्या किल्ल्या परत कराव्यात.
मिठाच्या खेचरांमागे जो एक दिनार तुम्ही घेता
तो तुमच्या भावाचा होता,
आता भावाच्या मुलाचा आहे."
'नाहीतर' लिहायचं का, विचारतोस?
'नाहीतर' लिहायला मागे माणसं लागतात.
माझ्याकडे एकोणीस आहेत,
त्यातला एक लंगडतो.

माझा भाऊ विचारतो, चाळीस स्वार पाठवू का?
चाळीस स्वार आणि एक नवरा.
नवऱ्याचं नाव त्यानं पत्राच्या शेवटी लिहिलंय,
आपण बाजाराच्या यादीत शेवटी सुतळी लिहितो तसं.
माहेरचा आहेर. घडी उलगडावी
तर आत सुई.

वरच्या खोलीत सासूबाई आहेत.
त्यांचा एक मुलगा चर्चच्या फरशीखाली,
दुसरा पुलावर.
मला चेस्टनट सोलून देतात,
त्याला लोकरीचे मोजे विणून पाठवतात.
कुठल्या खेचरावरून, ते मला ठाऊक आहे.
हे पत्रही त्याच खेचरावरून जाईल.

आता शपथ. जुनीच, आपल्या खोऱ्यातली,
जिच्यात बापाचं नाव घेत नाहीत:
"मी गौसफ्रेद, अदालेझ या बाईचा मुलगा,
शपथ घेतो की आर्नाउला,
ब्रुनिसेंदा या बाईच्या मुलाला,
ना जिवाला ना हातापायांना
दगा करीन..."
'दगा करणार नाही' असं हवं ना? नीट बघ.
एवढ्याशा चुकीवर
लोकांनी किल्ले घेतलेत.

थांब. जरा दार लोट.
तुला एक सांगू, मिरो?
पहिल्या हिवाळ्यात मी
शिक्का उशाखाली ठेवून रडायचे.
आता तो हातात असला की बरं वाटतं.
पाटाचं पाणी कुणाच्या शेतात आधी,
विधवेची गाय कुणी पळवली,
दोघं भांडत येतात, मी बोलते, आणि गप्प होतात.
ती शांतता मला आवडायला लागलीय.
पोराला चौदावं लागेल,
तो हात पुढे करील,
तेव्हा मी 'पुढच्या सणाला' म्हटलं तर?
भाऊबंदकी काय फक्त भावांनाच होते?

हे लिहिलं नाहीस ना?
दाखव.
बरं.

आला बघ, अंगाला घोड्याचा वास घेऊन.
ये आर्नाउ, पत्राखाली तुझं नाव काढ.
हळू. चामडं आहे, फाटत नाही, पण महाग आहे.
'मी आर्नाउ', छान. आता पुढे 'ब्रुनिसेंदाचा मुलगा'.
का थांबलास?

काकांचा घोडेवाला म्हणाला,
मोठे काउंट आईचं नाव लावत नाहीत.

मेण तापलंय, मिरो.
दोघंही माझ्याकडे बघताहेत.
थेंब आधी मेजावर पडतो,
मग माझ्या अंगठ्यावर.