उच्चारांची वही

उद्यमनगरात, लेथच्या कारखान्याच्या वर
आमचं राज्य आहे. दहा बाय बारा.
भिंतींना जुन्या गाद्या, दाराला दुहेरी जाजम,
आणि माइकला घातलेला
शबनमच्या पोराचा एक मोजा.
खालचं लेथ रात्री नऊला थांबतं,
मग आमचे डोंगर बोलायला लागतात.

खेळ पुण्यात बनतो. तलवारी, धुकं, घोड्यांची आयाळ, सगळं तिकडे.
इकडे फक्त तोंडं.
माझं काम त्याहून लहान: मी वही ठेवते.

काळकड्याची माणसं 'न्हाई' म्हणतात, 'नाही' कधीच नाही.
खाडीपारचे शेवटचा स्वर सोडत नाहीत.
राजवाड्यात 'ण' ताठ उभा,
बाजारात त्याचं 'पानी' होतं.
लोहार काम 'करालोय' म्हणेल,
उपाशी असो, प्रेमात असो, मरायला टेकलेला असो.

एकदा तिसऱ्या प्रसंगात तो चुकून म्हणाला,
'मी आपणांस कळवतो.'
अख्खा काळकडा पुठ्ठ्याचा झाला.
मागे कुणीतरी पुठ्ठा धरून उभं आहे, हेही दिसलं.
मी तेवढं वाक्य कापलं, अकरा वेळा नवं घेतलं.

अजगर अण्णाप्पा चौगुल्यांचा.
शिरोळहून येतात, शेवटच्या एसटीवर एक डोळा ठेवून.
कागदावर अजगर ज्वालामुखीत जन्मलेला,
पण अण्णाप्पांच्या मराठीखाली कानडी चालत असते,
ते गरजले, 'खावा की मग मला!'
काय करणार.
मी लिहिलं: अजगर नदीपलीकडचा.
पुण्यानं नकाशा बदलला, ज्वालामुखी
दोन बोटं आग्नेयेला सरकवला.

मग वेशीची राखणदार.
शबनम मुजावर माइकसमोर पाय रोवून म्हणाली,
'उघडा दार. मी आलो.'

लाल अक्षरांत उत्तर आलं:
पात्र स्त्री आहे. 'आले' हवे. पुन्हा घ्यावे.

मी उलट लिहिलं: काळकड्याच्या बायका
मी आलो म्हणतात, मी जातो म्हणतात,
मी बघून घेतो म्हणतात आणि बघून घेतात.
माझी आई असंच बोलते. तिची जाऊही.
ही चूक नाही, तिथला कायदा आहे.

बरं, म्हणाले. मग सगळ्या बायका.
प्रत्येक वाक्य. एकही 'आले' नको.
दोनशे बारा वाक्यं. मी प्रत्येकापुढे टिंब दिलं.

राणीही शबनमचीच. राजवाड्याची, शुद्ध, थंड,
'मी निघाले', 'मी पाहिले',
एकोणिसाव्या प्रसंगापर्यंत सुईच्या टोकावर.
तिथं तिचा भाऊ पडतो पायऱ्यांवर.
कागदावर होतं: थांब, मी आले.
शबनम म्हणाली,
'थांब रं. मी आलो.'

खोलीत कुणी हललं नाही.
अण्णाप्पांची एसटी गेली.

चार वेळा परत घेतलं. चारही वेळा 'आले'.
चारही वेळा व्याकरण जिवंत, भाऊ मेलेला,
आणि राणी कुठेच नाही.
वही माझी होती. नियम मी केलेले.
दुसऱ्या कुणाचं असतं तर मी स्वतः कापलं असतं.

पान एकोणीसवर बराच वेळ पेन टेकवून बसले, मग लिहिलं:
राणीचा जन्म काळकड्याचा. राजवाड्यात कुणाला ठाऊक नाही.
एवढंच. कारण दिलं नाही.

पुण्याचा फोन अकराला.
'हो सर. ऐकते. तपासते. उद्या कळवते.'
माझा 'ण' ताठ, माझा 'ळ' इस्त्रीचा.
शबनम जिन्यात चपला घालत ऐकत होती.
'आणि तुझं गं? तू कुठल्या पानावर?'

खाली कुणीतरी शटर ओढलं.
'चल, गंगावेशीत दूध पिऊ,
म्हशी उभ्या असतील अजून.'

मी दिवा घालवला. वही आतच राहिली.
'आलो,' मी म्हणालो.