पंधरा

शाळेत पोरं तीन हजार दोनशे.
जर्सी पंधरा.
हे गणित मी मांडलेलं नाही, पण दर नोव्हेंबरात
उत्तर माझ्याच अक्षरात जिमच्या दाराला चिकटतं.

यंदा आले एकाहत्तर. तीन संध्याकाळी.
छातीवर कागदी नंबर, सेफ्टी पिना अपुऱ्या,
म्हणून अर्ध्यांना चिकटपट्टी.
ज्यांचे बाप उन्हाळाभर कोचिंगचे पैसे मोजतात
ती पोरं चेंडूकडे न बघता चेंडू खेळवतात.
बाकीची बघतात. फार बघतात.

चव्वेचाळीस नंबर, वेन्डेल प्रोकॉप.
उंची बेताची, डावा हात मठ्ठ,
पण पडलेल्याला उठवायला दर वेळी मागे फिरायचा.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.
कडेला पेन्सिलीनं एक टिंब दिलं, आणि नंतर
ते टिंब कशाचं, तेच आठवेना.

शुक्रवारी यादी लागली. कोणी रडलं नाही.
रडायला आडोसा लागतो,
तिथे तर चारशे लॉकरांची उघडी गल्ली.
वेन्डेलनं बोट खालपर्यंत नेलं,
कागद संपल्यावर नुसत्या दारावरही थोडं,
मग म्हणाला, "सर, टीम राहू दे.
नुसतं खेळायचं असेल तर कुठे जायचं?"

"पुढच्या वर्षी बघू," मी म्हटलं.
तो शेवटच्या वर्षाला होता.
मला ठाऊक होतं.

रविवारी दूध घेऊन परतताना
लूथरन चर्चमागे गाडी थांबवली. का, विचारू नका.
टोलेडोचा वारा कानात सुया घालत होता.
जाळी नसलेली रिंग, फावड्यानं कडेला ओढलेला बर्फ,
नऊ जण. सहा माझ्या यादीबाहेरचे,
आणि पाद्रीबाईंची इंगे, कोपरं भलती तिखट.

"एक गडी कमी पडतोय! येता?"

गुडघा पंधरा वर्षांपूर्वीच गेलाय
हे सांगायला तोंड उघडलं,
आणि कोट काढला.

गडी वाटून घेतले. वेन्डेल एकीकडे, इंगे दुसरीकडे,
एकेक नाव उचललं गेलं,
मी उरलो.
"बरं, सर आमच्यात," इंगे म्हणाली. "लिंबूटिंबू."

पहिली दहा मिनिटं एकही पास नाही.
गाडीत दूध. गोठतंय तर गोठू दे.
मी हात वर करून उभा,
मोकळा, अगदी मोकळा,
कुणालाही दिसेल असा.