शिरेत नाही

पाचपावलीच्या पुलाजवळ आमचा दवाखाना.
दोन खाटा, एक कूलर,
त्याचा वाळा बदलायचा यंदाही राहून गेला.
मे महिना. रात्रीचे साडेदहा,
आणि भिंत अजून तव्यासारखी.
निनावे आले, पोट दोन्ही हातांनी धरून,
जसं कोणी हिसकावून नेईल.

"सिस्टर, सकाळी सहाची बस आहे. चंद्रपूर.
पोरीच्या घरी पहिल्यांदा जाऊन राहिलो.
मधात फक्त जामला थांबते."

बुटीबोरीपर्यंतचे सगळे संडास त्यांना पाठ आहेत.
कोणत्याला कडी नाही,
कोणत्या पंपावरचा माणूस चावी मागितली की हसतो.
चौदा वर्षं झाली.
सोनोग्राफीत काही नाही, दुर्बिणीत काही नाही.
"काही नाही" हे ते असं म्हणतात
की जणू चोरीचा आळ आलाय आणि माल सापडत नाहीये.

खिशातून चिठ्ठी निघाली, चिठ्ठीत गुंडाळलेलं अँपूल.
डॉक्टर गजभियेंचं अक्षर, तारीख आजची. ठीक.
"शिरेतच द्या नं. लवकर उतरते म्हणे.
आमच्या गल्लीतला धापोडकरचा पोरगा देऊनच राहिला होता,
मीच म्हटलं, थांब बाप्पा."

मी अँपूल ट्यूबलाइटखाली धरलं.
नाव वाचलं, मोठ्यानं.
मुदत वाचली. परत नाव वाचलं.
देवापुढेसुद्धा मी इतकी सावध उभी राहत नाही.

मग म्हटलं, भाऊ, हे शिरेत जात नाही.
मांसात जाते, कंबरेच्या बाजूला, तेही हळूहळू.
शिरेत गेलं तर रक्ताची गाठ होऊ शकते,
पोटाचं दुखणं राहील बाजूला
आणि हात वाचवत बसाल.
धापोडकरचा पोरगा पतंग चांगला उडवतो.
त्यानं तेवढंच करावं.

आणि टोचल्यावर लगेच उठायचं नाही.
तोंड कोरडं पडेल, अक्षरं अंधुक दिसतील,
गाडीला किक मारायची नाही.
घाम कमी येईल.
"घाम नाही? मंग तं चांगलंच झालं!"
ते हसले, त्या रात्रीत पहिल्यांदा.
नाही भाऊ.
सेहेचाळीस डिग्रीत घामच आपला कूलर असतो.
तो बंद पडला की माणूस आतून तापतो,
बसच्या पत्र्याखाली तर विचारूच नका.

डोळ्यांत काचबिंदू?
"नाही."
लघवी अडते?

कूलरची मोटर एकदा अडखळली, परत चालू झाली.
"नाही... नाही अडत."

मी करवत खाली ठेवली.
खुर्ची त्यांच्याजवळ ओढली, परत विचारलं,
आता इतकं हळू की खाटेवरच्या सलाइनवाल्या बाईलाही
ऐकू जाऊ नये.

"रात्री उभं राहा लागते. लय वेळ.
थेंब थेंब.
हे डॉक्टरले सांगतलं नाही मी.
पोटाचं सांगता सांगताच लाज संपून गेली होती,
याच्यासाठी उरलीच नाही."

फोन लावला. दोनदा वाजून गेला, तिसऱ्यांदा उचलला.
गजभिये म्हणाले, नको देऊ. बसवून ठेव, येतो मी.

निनावे चिडले, आणि ते बरोबरच होतं.
पैसे गेले, बस जाणार, पोट तिथंच.
"मंग अँपूल तरी द्या परत."
नाही दिलं.
त्यांचं नाव लिहून ट्रेमध्ये ठेवलं,
ठेवल्याची पावती दिली, त्यांनी ती वाचलीसुद्धा.

पोरीले काय सांगू, म्हणाले.
जे मला सांगितलं ते.
"बापानं असं सांगतात का पोरीले?"
मला उत्तर सुचलं नाही.
माझ्या बापानं कधीच काही सांगितलं नव्हतं.

माठातलं पाणी दिलं. अर्धा गिलास प्याले,
एकदम उठले,
आणि अंधाऱ्या पॅसेजमधून न विचारता उजवीकडे वळले.
आमच्या संडासाचं दार जरा उचलून लावावं लागतं.
त्यांनी ते उचलून लावलं.