मार्ग क्रमांक चौदा

दर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला
मी एखाददुसरा मार्ग मारते.
मारते म्हणजे रकाना तांबडा करते,
पुढचं यंत्र बघतं.

नियम सोपा आहे. फेरीमागे चार मागण्या.
तीन आठवडे त्याखाली गेली, की गाडी दुसरीकडे.
गाड्या अकरा, आणि बडोदं
छाणीपासून तरसालीपर्यंत हात वर करून उभं.

चौदा नंबर : गोरवा ते दंतेश्वर, रात्री सव्वादहा.
मागणी चार. चार. चार. चार.
माणसं इतक्या नेमानं वागत नाहीत.
माणसांना ताप येतो, लग्नं निघतात,
नवरात्रात तर कुणाचाच पत्ता नसतो घरी.
तेव्हाही चार.

नंबर तपासले. चारही मोबाइल एका घरातले,
ड्रायव्हर जेसंगभाईच्या.

न कळवता गोरव्याच्या नाक्यावर उभी राहिले.
"बुकिंग छे, बेन?"
"नाही."
"बेसी जाओ."

आत एकटी बाई. कुमुद शितोळे,
पंपाच्या कारखान्यात पॅकिंगला,
मांडीवर डबा, डब्यावर बटणांचा फोन.
ही गाडी मागावी लागते हेच तिला ठाऊक नव्हतं.
"रोज येते की," म्हणाली, "एष्टीसारखी."
उतरताना दहाची नोट दिली.
म्हणजे तीस रुपये त्याच्या खिशातून, रोज.
आरशात त्यानं माझ्याकडे बघितलं
आणि वायपर लावला. काच कोरडी होती.

टेबलावर समा रोडच्या दवाखान्याचा अर्ज.
सतरा आया, रात्रपाळी सुटते दहाला,
सतरा खऱ्या सह्या, दोन अंगठे त्यांत.
गाडी एकच.
सतरा आणि एक, यात कसलं आलंय गणित?
तरी मी कॅल्क्युलेटर काढला.

अठ्ठाविसाला चौदा तांबडा झाला.
यंत्रानं चारही ग्राहकांना संदेश धाडला :
आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
जेसंगभाईच्या घरात चार फोन वाजले असतील
एकामागोमाग.

शितोळेबाईंचा नंबर यंत्राकडे नव्हता.
माझ्याकडेही नव्हता; विचारायचा राहिला,
की विचारला नाही.

एक तारखेला रात्री भांडी घासत होते.
भिंतीवर सव्वादहा.
नळ चालू ठेवून
दहा वीस होईपर्यंत एकच पातेलं घासलं.