पवननगर, तिसरा मजला

बेल कोपराने दाबली. सवय.
मग वाटलं, बोट लावायला हवं होतं.
दोन वर्षं फोनवरच सांत्वन केलं,
आज घरी आलो, तरी कोपरानेच.

शैलावहिनींनी दार उघडलं.
माझ्या तोंडावर मास्क, त्यांच्या नाही.
मी घाईने काढला,
तेवढ्यात त्यांनी पदर नाकावर घेतला.
दोघंही हसलो
आणि ते हसू कुठे ठेवावं कळेना.

टीव्हीशेजारी देवराम गांगुर्डे,
पुढचे दोन दात जरा बाहेर.
सातपूरच्या शॉपमध्ये शेवटी शेवटी
आम्ही एकमेकांचे डोळेच पाहत होतो.
दात मी विसरलोच होतो.

पाणी आलं.
पेला ओठांना लावून प्यालो,
मुद्दाम उष्टा केला.

जे बोलायचं घोकत आलो होतो
ते सिडकोच्या रिक्षातच राहिलं.
बाल्कनीत कारल्याचा वेल.
गजांना जागोजागी बांधलेला,
पांढऱ्या, निळ्या इलॅस्टिकने.
"ह्यांचा अख्खा खोका उरला होता,
कानाच्या दोऱ्या चांगल्या ताणतात."

निघताना हात जोडावे,
की त्यांच्या हातावर हात ठेवावा?
माझं ठरेपर्यंत त्यांनी पिशवी पुढे केली.
चार कारली.
"मीठ चोळून ठेवा. फार कडू आहेत यंदा."

जिन्यात मी मास्क परत चढवला.
खाली वॉचमन म्हणाला,
"काका, आता कशाला? उठवलंय सगळं."
मी मान हलवली.
त्रिमूर्ती चौकापर्यंत काढला नाही.