अर्थिंग

विट्यात मायणी रोडला माझं मोटर भरायचं दुकान.
जळकं वार्निश, उपसलेलं तांबं,
मागांच्या मोटरी रांगेत, नंबर टाकून.
त्या रांगेत एक दिवस गिटार आली.
लाल. कोल्हापुरातून जुनी घेतलेली.
आणणारी चोथ्यांची रेवती,
अकरावीची, नखांखाली वंगण नाही, सूत.

इलाहीमामा, ही गुणगुणते.
म्हटलं, वाद्य आहे, गुणगुणणारच.
म्हणाली, मी वाजवत नसताना.

लावून दाखवली. खरंच.
तारेवर बोट ठेवलं की नरम,
उचललं की पुन्हा सुरू,
पाळण्यातल्या पोरासारखी.
ती म्हणाली, शुक्रवारी लाइट जाते,
माग थांबतात, गल्ली गप्प होते,
पण मामा, तेव्हा ॲम्पही मेलेला असतो.
आठवड्यातली एकच शांतता
आणि तीही उपयोगाची नाही.

स्क्रू काढले. झाकण उचललं.
आत कोरलेलं लाकूड, उघडंबोडकं,
त्यात पाचसहा वायरी
थंडीत काकडल्यासारख्या एकमेकींना धरून.
गल्लीतल्या सगळ्या ट्यूबा, सगळे चोक
सरळ आत शिरत होते. कोण अडवणार?

शिकवणीच्या पैशांतून तिनं मागवली होती
तांब्याची चिकटपट्टी.
चोळीला अस्तर लावावं तशी लावत गेलो,
कोपऱ्यात चुणी, वळणावर कात्री,
एक पट्टी दुसरीच्या अंगावर चढलेली.
फट दिसली की रेवती बोट दाखवायची.
एकदा तेच बोट कापलं.
चोखत म्हणाली, गंजलेल्या पाण्यासारखं लागतंय.
सांध्यांवर डाग दिले,
मीटरची एक सुई तळाला, एक झाकणाला:
टीऽऽ.
सगळं तांबं एक झालं.

तारा चढवल्या. लावली.
गप्प.
छेडली, तरी गप्प.
मी खूश, अर्धा मिनिट.
मग कळलं, जॅकचं गरम टोक
तांब्याला टेकलंय.
इतकी शांतता कुणी मागितली नव्हती.

काळ्या टेपचा तुकडा मध्ये घातला
आणि पुन्हा.
आता ती बारीक किरकिर गेलेली,
कानात शिरणाऱ्या चिलटासारखी होती ती.
पण खाली एक जाड घूं उरलेली.
रेवतीनं माझ्याकडे पाहिलं.
मी काय सांगणार?
तीस वर्षं तांबं गुंडाळतोय,
चुंबकाला ते अडवत नाही, उलट बोलावतं.
कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, चोथ्यांचे आठ माग,
ते येणार. त्यांना झाकण नाही.

स्टुलावर ती हळूहळू फिरू लागली,
गिटार मांडीवर,
कॅलेंडर, बसस्टँड, माझा देव्हाऱ्याएवढा रेडिओ,
आणि एका ठिकाणी घूं खाली बसली.
तिथून पुढे पुन्हा वाढली. मागे आली. बसली.
खडूनं फरशीवर रेघ मारली मी.
रेघेच्या टोकाला, दोन भिंती सोडून, तिच्या बापाचा कारखाना.
त्याच्याकडे तोंड केलं तरच
गिटार ऐकते.

मग आठवलं, आणि लाज वाटली.
मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा,
मीठ, कोळसा, पुरलेली प्लेट.
चैत्रापासून पाणी घातलं नव्हतं.
पोरीला सांगत होतो, दोष लाकडात,
आणि जमीन माझीच सुकलेली.
दोघांनी एक एक घागर ओतली.
मातीनं खळखळ करून प्यायली.

तेवढ्यात चोथे आले. चाळीस वर्षं धोट्यासमोर,
ऐकू कमी, म्हणून बोलणं मोठं.
दारातूनच ओरडले, झाली का गप्प?
दुकानातला त्या दिवसातला
सगळ्यात मोठा आवाज तोच.

रेवती हसली. बापाला रेघ दाखवली,
खुणेनंच, मागावर बोलतात तशी.
त्यांनी वाकून पाहिली, ओलांडली नाही.
पैसे विचारले.
मोटर सुरू केल्याचे घेतो मी.
कमी केल्याचा भाव मला ठाऊक नव्हता.