रेघेखालची अक्षरं

लिंकनच्या चढावर, जिथे दम लागतो नेमकं तिथेच,
म्युझियमचं मागचं दार आहे.
दर शनिवारी दहा ते एक मी तिथे नाणी वाचते.
पगार नाही. चहा मिळतो,
आणि प्लमट्रीबाईंचं जाड भिंग,
ज्याच्या दांडीला कधीकाळी कुणी सुतळी गुंडाळलीय.

नाणी म्हणजे तरी काय,
पोलक्याच्या बटणाएवढे हिरवट तुकडे,
बिटाच्या शेतात फुटक्या मडक्यात निघालेले.
बहुतेकांवर बादशहाचं नाक गेलेलं.
नाकाशी आपलं काम नाही.
उलटं करायचं: दोन शिपाई, मधे निशाण,
त्यांच्या पायांखाली एक आडवी रेघ
आणि रेघेखाली,
आपल्या बाळबोधीसारखी लटकलेली,
तीन-चार अक्षरं.

बाई सांगतात, ‘ही दोन गावाची. ट्रीर, समुद्रापलीकडे.
आणि हे एकटं अक्षर आहे ना, ती खोली.
टांकसाळीतल्या कुठल्या खोलीत पाडलं, ते.’

P म्हणजे पहिली. हे पाठ करावं लागलं नाही.
S म्हणजे दुसरी, इथे वाट फुटते.
T म्हणजे तिसरी, पुन्हा गाठ पडते,
लांबच्या कुणाच्या लग्नात
अनोळखी चेहऱ्यावर आत्याचं नाक दिसावं तशी.
पूर्वेकडून आलेल्यांवर ग्रीक आकडे.
त्यातला गॅमा
खुंटीला अडकवलेल्या कोयत्यासारखा.

‘कशासाठी कोरायचे? मिरवायला?’
‘छे. वजन कमी भरलं तर कुणाला धरायचं
ते कळावं म्हणून. बहुधा.’
बाई प्रत्येक वाक्याला बहुधा लावतात,
आम्ही पत्राला ता.क. लावायचो तसं.

आमचे अण्णा मिरजेला खिळे जुळवायचे.
गॅलीच्या तळाशी शेवटचा खिळा त्यांच्या नंबराचा: १४.
प्रुफात चूक निघाली की चौदाचे चार आणे कापले.
पुस्तक छापायच्या आधी
तो खिळा चिमट्याने उपटून काढत.
पुस्तकात अण्णा कुठेच नाहीत.
मी शोधलंय.

उलटी अक्षरं मी त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून शिकले.
ळ उलटा केला तरी ळच वाटतो म्हणून हसायचे,
आणि अण्णा म्हणायचे, हस, पगार माझा जातो.
म्हणून नाणं हातात आलं की
मला आधी साचा दिसतो,
पोलादात उफराटी कोरलेली ओळ
आणि तिच्यावर वाकलेली मान.

आज एकशेबाराव्या पाकिटात
निशाण ठीक, शिपाई ठीक,
रेघेखाली T, R,
आणि S उलटा.

म्हणजे साच्यात त्याने तो सरळ कोरला.
उलट कोरायचं विसरला,
त्या एका अक्षरापुरता
साध्या माणसासारखा लिहून गेला.
दिव्यातलं तेल संपत आलं असेल.
कुणी हाक मारली असेल.
किंवा काहीच नसेल. अण्णांचंही कधी कधी काहीच नसायचं.

बाईंनी वही उघडली. ‘चूक, असं लिहू?’
मी म्हटलं, थांबा जरा.
काय लिहायचं ते मलाही ठाऊक नव्हतं.
खाली रस्त्यावर कुणीतरी
पेट्या भरलेली ढकलगाडी चढवत होतं,
दगडांवर तिची चाकं खडखडत राहिली.
शेवटी बाईंनी लिहिलं: S, उलटा.
एवढंच.

पाकिटावर एक चौकट असते, वाचणाऱ्याची.
पुढे चूक निघाली तर कुणाला विचारायचं, त्यासाठी.
तिथे आजवर मी
नावाची इंग्रजी आद्याक्षरं घालत आले.
आज १४ लिहिलं, देवनागरीत,
जरा दाबून.

बाईंनी चष्मा वर केला. ‘हे कुठलं अक्षर?’
‘खोली,’ मी म्हटलं.
‘बहुधा.’